मोठं इंजिन बसेल, पण त्याचा पीळ कोण सोसणार? क्लासिक स्पोर्ट्स कारची ड्राइव्हट्रेन मजबूत करताना

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मोठं इंजिन घालायचं ठरलं की सगळं बोलणं इंजिनाभोवतीच फिरतं. किती लिटरचं, किती हॉर्सपॉवरचं, कार्ब्युरेटर ठेवायचा की इंजेक्शन. महिनोन्‌महिने खपून इंजिन बसतं, सुरूही होतं. मग कुणीतरी क्लच जरा जोरात सोडतं, मागून 'टण्' असा आवाज येतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. इंजिन मजेत फिरतंय, गिअर पडलेला आहे, चाकं मात्र ढिम्म.

हा लेख त्या 'टण्'बद्दल आहे. क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा), डिफरन्शियल (पीळ दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच), हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून एकेका चाकाकडे जाणारा दांडा) आणि हब (चाक बसतं तो भाग) ही इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवणारी रांग म्हणजे ड्राइव्हट्रेन. डिफरन्शियल आणि हाफ शाफ्ट मिळून होतो तो मागचा एक्सल. इंजिन पुढे आणि चालणारी चाकं मागे, अशी नेहमीची मांडणी मी धरून चाललो आहे. पहिल्यांदा हे काम करणारे बहुतेक जण सर्वांत आधी दणकट गिअरबॉक्स शोधायला निघतात. मी उलटं सांगेन. टायरपासून सुरुवात करा आणि एकेक भाग तपासत इंजिनाकडे या. असं का, ते हिशेब केल्यावर कळेल.

त्याआधी दोन गोष्टी. इंजिन बदलल्यावर नोंदणी आणि विम्याचे नियम काय लागतात ते पाना हातात घेण्यापूर्वी विचारून घ्या. आणि ब्रेक व रेडिएटर नव्या इंजिनाला पुरे पडणार नसतील, तर हा लेख बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे बघा. न थांबणाऱ्या गाडीला मजबूत एक्सल देऊन उपयोग नाही.

पायरी पहिली: वही काढा

भाग हॉर्सपॉवरने तुटत नाही, टॉर्कने तुटतो. टॉर्क म्हणजे पीळ. हॉर्सपॉवरमध्ये टॉर्कसोबत इंजिनाचा वेगही गुणलेला असतो. त्यामुळे उंच वेगावर ओरडणारं १५० हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन एक्सलला फारसा त्रास देत नाही, आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरचं मोठं, संथ व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) त्याच एक्सलचा जीव काढतं.

गणित सोपं आहे. इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं गुणोत्तर (बाहेर एक फेरी होण्यासाठी आत किती फेऱ्या लागतात तो आकडा) गुणिले डिफरन्शियलचं गुणोत्तर, म्हणजे चाकांपाशी पोचणारा पीळ. घर्षणात थोडा वाया जातो, तो सोडून देऊ.

खरं उदाहरण घेऊ. ब्रिटिश एमजीबी १९६२ मध्ये आली. चार सिलिंडरचं १७९८ सीसी इंजिन आणि सुमारे १४९ न्यूटन-मीटर टॉर्क. १९७३ मध्ये कारखान्यानेच त्या गाडीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-८ बसवून एमजीबी जीटी व्ही-८ काढली. टॉर्क झाला सुमारे २६२ न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण ७६ टक्के जास्त. इतका पीळ वाढल्यावर मागचा एक्सल पार बदलावा लागेल असं वाटतं, पण त्यांनी एक्सल त्याच जातीचा ठेवला. बदलली ती गुणोत्तरं. पहिला गिअर ३.४४ वरून ३.१३८ वर आणला आणि डिफरन्शियल ३.९०९ वरून ३.०७ वर.

आता गुणाकार करा. जुन्या गाडीत १४९ × ३.४४ × ३.९०९ म्हणजे सुमारे २,००० न्यूटन-मीटर. नव्या गाडीत २६२ × ३.१३८ × ३.०७ म्हणजे सुमारे २,५२०. इंजिनाचा टॉर्क ७६ टक्क्यांनी वाढला, पण एक्सलवरचा भार २६ टक्क्यांनीच. जुनी गुणोत्तरं तशीच ठेवली असती तर हाच आकडा ३,५०० च्या वर गेला असता. मोठ्या इंजिनाला मुळात मोठ्या गुणोत्तराची गरज नसते, ते कमी फेऱ्यांत गाडी आरामात ओढतं. म्हणून सर्वांत स्वस्त मजबुती गुणोत्तरात सापडते, हे ध्यानात ठेवा.

यात आणखी एक फायदा लपलेला आहे. ३.९०९ मध्ये क्राउन व्हीलला, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, ४३ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ११ असतात, तर ३.०७ मध्ये ४३ आणि १४. जास्त दात्यांचं पिनियन जाडही असतं आणि एका वेळी त्याचे जास्त दाते भार घेतात. म्हणजे भार तुलनेने कमी आणि तो सोसणारा दाता तगडा.

तुमच्या गाडीची ही सगळी गुणोत्तरं वहीत लिहा. जुन्या आणि नव्या इंजिनाचा टॉर्क लिहा. प्रत्येक गिअरसाठी गुणाकार करून तक्ता बनवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढच्या सगळ्या खरेदीत तो तक्ता जवळ लागेल.

पायरी दुसरी: टायर हा तुमचा फ्यूज

आता तो तक्ता रस्त्यावर टेकवून बघू. गाडी ११०० किलोची आहे आणि जोरात निघताना मागच्या चाकांवर ६०० किलो भार येतो असं धरा. टायर बरे आहेत, घर्षणाचा गुणांक १ धरला. चाकाची त्रिज्या ०.३ मीटर. मग ६०० × ९.८१ × १ × ०.३ म्हणजे सुमारे १,७७० न्यूटन-मीटर. दोन्ही चाकं मिळून यापेक्षा जास्त पीळ रस्ता घेऊच शकत नाही. त्यापुढे टायर घसरणार.

पहिल्या गिअरात इंजिन २,५२० देऊ बघतंय, टायर १,७७० लाच हात टेकतोय. वरचा सगळा पीळ धुरात जातो. थोडक्यात, पहिल्या गिअरात तुमच्या हाफ शाफ्टवर किती भार यावा हे टायर ठरवतो, इंजिन नाही. जुन्या अरुंद, कडक टायरांवर गुणांक ०.७ धरला तर हीच मर्यादा १,२४० वर येते. चिकट स्पर्धेचे टायर लावून तो १.३ झाला तर ती जवळपास २,३०० वर जाते. एका टायरबदलात एक्सलवरचा कमाल भार दुपटीच्या आसपास गेला आणि इंजिनाला हातही लावलेला नाही.

हे मी महागात शिकलो. इंजिन बदलून वर्ष झालं होतं, सगळं नीट चाललं होतं. मग रुंद टायर घातले आणि दुसऱ्याच आठवड्यात डावा हाफ शाफ्ट गेला. मी कितीतरी दिवस इंजिनालाच दोष देत बसलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता तक्त्यातला तिसरा गिअर बघा. एमजीबी व्ही-८ मध्ये तिसऱ्याचं गुणोत्तर १.२५९ आहे. चाकांपाशी सुमारे १,०१० न्यूटन-मीटर येतात. हे टायरच्या मर्यादेच्या बरंच खाली आहे, म्हणजे तिसऱ्यात टायर घसरत नाही आणि फ्यूज उडत नाही. इंजिनाचा पूर्ण पीळ गिअरबॉक्सच्या दात्यांमधून वाहत राहतो, तोही चढावर किंवा लांब रस्त्यावर मिनिटंच्या मिनिटं. पहिल्यात टायर ड्राइव्हट्रेनची राखण करतो, तिसऱ्यात तिला वाली नसतो. चौथा गिअर जुन्या गिअरबॉक्समध्ये बहुधा थेट असतो, पीळ सरळ आरपार जातो, दात्यांना त्रास नाही. त्या व्ही-८ मध्ये ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर, फक्त चौथ्यावर ठेवला होता, तिसऱ्यावर नाही, त्याचा अर्थ इथे लागतो. तिसऱ्यातून बाहेर पडणारा पीळ सुमारे ३३० न्यूटन-मीटर, चौथ्यातून २६२.

तेव्हा गाडी कशासाठी वापरणार, टायर कोणते लावणार, हे आत्ताच ठरवा आणि वहीत लिहा. नंतर मोह झाला तर हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

पायरी तिसरी: जुना माल उघडून बघा

गाडी घोड्यांवर, म्हणजे खालून आधार देणाऱ्या पक्क्या स्टँडवर, घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. पुढच्या चाकांना अडण लावा.

हाफ शाफ्ट बाहेर काढा, स्वच्छ धुवा आणि उजेडात आडवा धरून त्याच्या स्प्लाइनवरून, म्हणजे टोकाच्या उभ्या खाचांवरून, नजर फिरवा. खाचा सरळ रेषेत हव्यात. जरा जरी तिरक्या वळलेल्या दिसल्या, तर त्या शाफ्टला आधीच कायमचा पीळ बसलेला आहे. तो वापरू नका, कुणाला देऊही नका. बाकीच्या शाफ्टची चुंबकीय पावडरने किंवा रंग मुरवून तडे शोधणारी तपासणी इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून करून घ्या. पन्नास वर्षं फिरलेल्या लोखंडाला आतून थकवा आलेला असतो आणि तो वरून दिसत नाही.

डिफरन्शियलचं कव्हर उघडून ऑइल गाळून घ्या. बारीक राखाडी पीठ असेल तर ठीक. चमकणारे तुकडे किंवा खपल्या दिसल्या तर क्राउन-पिनियन आणि बेअरिंग बदलण्याची तयारी ठेवा. आणि एक्सलच्या नळीचा ब्रीदर, म्हणजे हवा सोडणारं छोटं भोक, मोकळं आहे का बघा. ते तुंबलं की गरम ऑइल सील फोडून ब्रेकवर येतं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कितीतरी 'सील गेलं' तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

पायरी चौथी: हाफ शाफ्ट आणि हब

गोल शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरचा शाफ्ट २८ चा केला तर व्यास १२ टक्के वाढतो, ताकद मात्र ४० टक्के. म्हणून तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटले तरी ते मोठे असतात. चांगल्या मिश्रधातूचा, नीट उष्णतासंस्कार झालेला शाफ्ट त्याच मापातही बराच पुढे जातो.

शाफ्ट मुद्दाम बनवून घेणार असाल, तर मधला भाग स्प्लाइनच्या तळाच्या व्यासापेक्षा जाड ठेवू नका. मधला भाग जाड राहिला की सगळा पीळ स्प्लाइनच्या तोंडाशी साचतो आणि शाफ्ट तिथेच कापल्यासारखा तुटतो. मधला भाग जरा बारीक आणि गुळगुळीत असेल तर पीळ लांबीभर पसरतो, शाफ्ट स्प्रिंगसारखा थोडा वळतो आणि परत येतो. कोपरे गोलाईत हवेत, कुठे टोकदार खाच नको, आणि शाफ्टवर पंचने खुणा तर मुळीच ठोकू नका. तडा तिथूनच सुरू होतो.

मागे स्वतंत्र सस्पेंशन असेल तर दुखणं वेगळं. ट्रायम्फ टीआर-६ सारख्या गाड्यांमध्ये हाफ शाफ्टला सरकते स्प्लाइन असतात. चाक वरखाली झालं की शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी यासाठी ही सोय. पण पीळ जोरात बसला की ते स्प्लाइन अडकून बसतात. पाय उचलताच सुटतात आणि गाडीचा मागचा भाग वळणात अचानक झटका खातो. इंजिन वाढवलं की हा झटकाही वाढतो. त्यावर खरा इलाज म्हणजे दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनात वळूनही सारख्या वेगाने फिरणारे सांधे, असलेले शाफ्ट. त्या गाड्यांमध्ये डिफरन्शियल टांगणाऱ्या चॅसिसवरच्या पिनाही तडकतात. डिफरन्शियल खाली घेतलाच आहे तर त्या जागा घासून, तपासून, वेल्डिंगने मजबूत करून घ्या.

पायरी पाचवी: डिफरन्शियल

इथे खोलात जावं लागेल, कारण चुकीच्या भागापेक्षा चुकीच्या जुळणीने जास्त डिफरन्शियल मरतात.

आधी आकार. डॅटसन २४०झेड मध्ये आर-१८० डिफरन्शियल यायचा, नंतरच्या काही झेड गाड्यांत आर-२००. हे आकडे क्राउन व्हीलच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. त्याच घराण्यातला मोठा भाऊ मिळत असेल तर तो घेणं नेहमी सोपं, कारण बसवायच्या जागा जवळपास जुळतात. फोर्डचा ९ इंची एक्सल इतका लोकप्रिय का, तर त्यात पिनियनच्या टोकाला तिसरं बेअरिंग असतं. भाराखाली पिनियन मागे ढकललं जात नाही. मात्र त्याचं पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यापासून बरंच खाली बसत असल्याने दाते एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद खातात. छोट्या हलक्या गाडीला एवढा जड एक्सल घालणं मला स्वतःला पटत नाही. मागची चाकं खड्ड्यावर उड्या मारतात.

कारखान्यांनीही कधी कधी सरळ एक्सलच बदलला. सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं व्ही-८ घालून १९६४ मध्ये टायगर निघाली, तेव्हा मजबूत सॅलिसबरी एक्सल आला, गुणोत्तर २.८८ झालं आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड लागला. तुमच्या मॉडेलची अशी मोठ्या इंजिनाची कारखान्यातली आवृत्ती असेल, तर तिच्यात काय काय बदललं होतं ते आधी शोधा. फुकटचं इंजिनिअरिंग आहे ते.

मग लिमिटेड स्लिप, म्हणजे एकाच चाकाला मोकळं गरगरू न देणारा डिफरन्शियल, हवा का? साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही हाफ शाफ्टना सारखाच पीळ मिळतो, आणि तो कमी पकड असलेल्या चाकाएवढाच असतो. शिवाय अखंड एक्सलच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा पीळ एक्सलला तिरका करू बघतो, त्यामुळे निघताना मागचं उजवं चाक हलकं होतं आणि तेच गरगर फिरतं. लिमिटेड स्लिप घातला की गाडी सरळ निघते, पण जड पडलेल्या चाकाच्या शाफ्टवर पूर्वी कधी न आलेला भार येतो. तेव्हा लिमिटेड स्लिप आणि जुने शाफ्ट ही जोडी करू नका. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी गिअरवाला, टॉर्सन जातीचा निवडेन. तो शांत असतो आणि त्यात झिजणाऱ्या क्लच प्लेटा नसतात.

आता जुळणी. क्राउन व्हील आणि पिनियन जोडीनेच येतात, एकमेकांवर घासून जुळवलेले. एकाचं क्राउन, दुसऱ्याचं पिनियन असं चालत नाही. पिनियनची खोली शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, लावायची, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, लावायचा, मग डायल गेजने बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, मोजायचा. अनेक एक्सलना तो ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या घरात असतो, पण अंतिम शब्द तुमच्या एक्सलच्या मॅन्युअलचा. क्राउन व्हीलवर चार-पाच जागी मोजा. आकडा जागोजागी बदलत असेल तर क्राउन व्हील वाकडं बसलंय, खाली कचरा आहे का बघा.

शेवटी दात्यांना मार्किंग पेस्ट लावा, क्राउन व्हील हाताने थोडं अडवून धरा आणि पिनियन फिरवा. पेस्टमध्ये उमटलेला ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर हवा. लांबीत तो आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला असला तर उत्तम, कारण खरा भार आला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. ठसा दात्याच्या माथ्यावर किंवा तळाशी असेल तर पिनियनची खोली चुकली आहे. पुन्हा उघडा. तिसऱ्यांदाही उघडावं लागेल. कंटाळून 'चालतंय' म्हणालात तर तो डिफरन्शियल पुढे वर्षभर तुमच्या कानाशी रडेल.

पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये दबून चेपणारी नळी असेल आणि तुमच्या एक्सलसाठी शिमसह येणारा घन स्पेसर मिळत असेल, तर तो घाला. जोराच्या धक्क्यांत चेपणारी नळी आणखी चेपते आणि प्रीलोड नाहीसा होतो. क्राउन व्हीलचे बोल्ट नवे, आट्यांना लॉकिंग द्रव लावून, टॉर्क रेंचनेच आवळायचे.

पायरी सहावी: एक्सल जागेवर धरा

पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसलेला एक्सल पीळ आला की स्प्रिंगला इंग्रजी 'एस'सारखा वाकवतो. मग टायर सुटतो, स्प्रिंग सरळ होते, टायर पुन्हा पकडतो. सेकंदात कित्येक वेळा असं होतं आणि गाडीचा मागचा भाग धडधडतो. शाफ्ट आणि दाते तुटतात ते बहुतेक या धडधडीत, कारण तिथे भार वाढत जात नाही, घणासारखा बसतो. स्प्रिंगचे झिजलेले रबर बुश बदला, एक्सलला मागे-पुढे धरणारे ट्रॅक्शन बार लावा. आणि चालवताना धडधड सुरू झाली की पाय उचला. हा सल्ला फुकट आहे आणि कुठल्याही भागापेक्षा जास्त वाचवतो.

पायरी सातवी: प्रोपेलर शाफ्ट

नवा गिअरबॉक्स लांबीला वेगळा असला की हा शाफ्ट नव्याने बनवावा लागतोच. तेव्हा मोठे क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांतले अधिक चिन्हासारखे तुकडे, घालून घ्या. ग्रीसची निपल असलेल्या क्रॉसला आतून भोक असतं, म्हणून बंद क्रॉस जास्त मजबूत. निपलवालाच घालणार असाल तर पुढे जाताना जी बाजू दाबली जाते तिकडे निपल ठेवा, ताणली जाते तिकडे नको.

कोन मोजायला विसरू नका. गिअरबॉक्सचा आउटपुट आणि डिफरन्शियलचं पिनियन एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे दोन्ही क्रॉसचे कोन सारखे आणि एकमेकांना काटणारे होतात. क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा कमीजास्त होतो. पहिल्याची गडबड दुसऱ्याने निस्तरायची असते. प्रत्येक कोन साधारण एक ते तीन अंशांत ठेवा. शून्य चांगला असेल असं वाटतं, पण तसं नाही. सुईसारखी बेअरिंगं हललीच नाहीत तर एकाच जागी खाच पाडतात. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत आहेत ना, तेही बघा. गाडी चाकांवर उभी असताना पुढचा सरकता योक पूर्ण आत टेकलेला नसावा. त्याला आत सरकायला २० ते २५ मिलिमीटर जागा राहू द्या.

पुढच्या क्रॉसजवळ शाफ्टभोवती लोखंडी कडं लावा. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उचलू शकतो.

पायरी आठवी: गिअरबॉक्स

इतक्या उशिरा आलो, कारण आता तुम्हाला कळलंय की गिअरबॉक्सने किती सोसायला हवं. बहुतेक वेळा शहाणपण यात की नव्या इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घ्यावा. घंटा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लच झाकणारं बेलहाउसिंग, जुळलेली असते, क्लच जुळलेला असतो, तुमचं दुखणं प्रोपेलर शाफ्टपासून सुरू होतं. रोव्हर व्ही-८ साठी पुढे आलेल्या आर-३८० गिअरबॉक्सच्या नावातच त्याची क्षमता आहे, ३८० न्यूटन-मीटर. बोर्ग-वॉर्नरचा टी-५ अनेक रूपांत आला आणि रूपागणिक क्षमता बदलते, तेव्हा नुसतं 'टी-५ आहे' या शब्दावर विकत घेऊ नका. त्यावरच्या पट्टीचा क्रमांक तपासा.

घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून तो गाडीच्या तळातल्या बोगद्यात बसतो का बघा. गिअरचा दांडा तुमच्या हाताशी येतो की सीटखाली, हेही. स्पीडोमीटरची केबल कुठे लागणार? या तीन प्रश्नांवर अर्धवट राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा असेल तर लेशाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या मुख्य शाफ्टला समांतर असलेल्या दुसऱ्या शाफ्टच्या, बेअरिंगकडे लक्ष द्या. जास्त भारात दोन शाफ्ट एकमेकांपासून दूर ढकलले जातात, कव्हर वाकतं आणि दाते टोकांवर चालू लागतात. शॉट पीनिंगने, म्हणजे बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून, दात्यांची थकव्याविरुद्धची ताकद वाढते. ते करून घेण्यासारखं आहे. सरळ कापलेले दाते मात्र रस्त्यावरच्या गाडीत नकोत, त्यांचं रडणं कुणालाच सोसत नाही.

पायरी नववी: क्लच

क्लच किती पीळ धरेल ते असं काढा: दोन पृष्ठभाग गुणिले घर्षणाचा गुणांक गुणिले प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीचा) दाब गुणिले प्लेटची सरासरी त्रिज्या. ०.३ गुणांक, ७,००० न्यूटन दाब आणि ०.०९ मीटर त्रिज्या घेतली तर २ × ०.३ × ७,००० × ०.०९, म्हणजे ३७८ न्यूटन-मीटर. इंजिनाच्या टॉर्कवर २५ ते ३० टक्के जास्त असला की पुरे. २६२ च्या इंजिनाला ३४० पुष्कळ.

दुप्पट का नको? कारण क्लच हा दुसरा फ्यूज आहे. पॅडल झटक्यात सोडलं की फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकात, साठलेली सगळी ऊर्जा रांगेत घुसते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. ४,००० फेऱ्यांवर २,००० च्या चौपट. जरा घसरणारा क्लच हा घाव पचवतो. सिरॅमिक तुकड्यांचा कडक क्लच तो जसाच्या तसा गिअरबॉक्सला देतो. रस्त्यासाठी चांगली साधी, सेंद्रिय अस्तराची प्लेट घ्या.

वेगळ्या इंजिनाला वेगळा गिअरबॉक्स जोडत असाल तर ही एक तपासणी टाळू नका. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवा आणि टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकात फिरवा. पूर्ण फेरीत काटा ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर भोक क्रँकशाफ्टच्या रेषेत नाही. त्यासाठी विकेंद्री डॉवेल पिना मिळतात. हे न तपासता जोडलेला गिअरबॉक्स इनपुट बेअरिंग आणि पायलट बेअरिंग खाऊन टाकतो, आणि माणूस म्हणतो, गिअरबॉक्सच कमजोर निघाला.

पायरी दहावी: ऑइल आणि पहिले किलोमीटर

हायपॉइड डिफरन्शियलला, म्हणजे ज्यात पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यापासून खाली असतं त्याला, जीएल-५ दर्जाचं ऑइल. क्लच प्लेटांचा लिमिटेड स्लिप असेल तर त्याला लागणारं अॅडिटिव्हही. पितळी सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या) जुन्या गिअरबॉक्समध्ये मात्र सवयीने जीएल-५ ओतू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला. बऱ्याचदा ते जीएल-४ असतं.

नवं क्राउन-पिनियन पहिल्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटर हळू चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा. दाते एकमेकांना घासून गुळगुळीत होताना खूप तापतात. नव्या क्लचलाही पहिले काहीशे किलोमीटर सौम्य वापर लागतो, म्हणजे हे दोन्ही एकत्रच उरकतं. साधारण ८०० किलोमीटरनंतर डिफरन्शियलचं ऑइल बदला आणि ड्रेन प्लगचं चुंबक पुसून बघा.

आवाज ऐकायला शिका. थरथर जाणवली तर त्याच वेगाला गाडी न्यूट्रल करा. थरथर कायम राहिली तर प्रोपेलर शाफ्ट किंवा चाकं, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर उतरली तर क्लच किंवा फ्लायव्हील. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच डिफरन्शियल ओरडत असेल किंवा सोडल्यावरच, तर ठसा पुन्हा तपासावा लागेल. दाबता-सोडताना 'टक्' येत असेल तर क्रॉस, स्प्लाइन, नाहीतर कुठलातरी सैल बोल्ट.

आणि हाफ शाफ्ट बसवण्यापूर्वी त्यांच्या लांबीवर पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ मारून ठेवा. पुढच्या वर्षी ब्रेकचं काम काढाल तेव्हा शाफ्ट बाहेर ओढून ती रेघ बघा. सरळ असेल तर शाफ्ट तसाच परत घाला. रेघ दोरीसारखी वळलेली दिसली, तर नवीन शाफ्ट येईपर्यंत गाडी घोड्यांवरच राहू द्या.